वीतभर आखूड

वाशाला टांगलेलं दावं महिपतने खाली ओढलं, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत धरत मोजलं, आणि ते वीतभर आखूड भरलं. त्याने पुन्हा मोजलं. तेवढंच भरलं. मग त्याने शेजारचं काढलं. तेही आखूड. बापाने घालून दिलेलं माप त्याने जन्मात कधी सोडलं नव्हतं. आठवड्यापूर्वी हीच दावी वळून, टोकांना आपल्या हातची गाठ मारून त्याने वर टांगली होती. तेव्हा ती पुरी होती.

आपलंच मोजताना काही चुकलं असेल, असं महिपतच्या मनात आलं नाही. तसं त्याच्या मनात सहसा येत नसे. कुणीतरी वीतभर कापून नेलं, हे त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. प्रश्न एवढाच होता, की कोणी आणि कशाला.

पोलादपूरकडच्या कापडे गावाहून वर डोंगर चढून गेलं की सपाटीवर ही वाडी लागते. दहा-बारा घरं. गुरं राखायची, उतारावर नाचणी-वरी करायची, आणि तरणी माणसं मुंबईला. महिपतचा मुलगा नीलेशही तिकडेच एका गोदामात कामाला. वाडीत अजून गाडीरस्ता नाही, मोबाइल लागतो तो टेकाडावरच्या ऐनाच्या झाडाखाली. या वाडीत दोर वळणारा आता एकटा महिपत उरला होता. बाजारात नायलॉनची दोरी हवी तेवढी मिळते, पण ती गुराच्या मानेला कापते आणि पावसात तिची गाठ सरकते. म्हणून आसपासच्या वाड्यांवरून माणसं अजून केवणीचा दोर मागायला त्याच्याकडे येत.

केवण रानात कुठेही उगवते. मुरड घातलेल्या शेंगांचं ते झुडूप गुराख्याच्या पोरालाही ठाऊक असतं. पण दोराला लागते ती सरळ वाढलेली, कोवळी पण भरलेली काठी. पावसात ती तोडायची, सालं ओढून काढायची, जुड्या बांधून ओहोळात दगडाखाली दाबायच्या. साल कुजून वास सुटला की धोपटून धुवायची. मग खाली उरतो तो पांढरट वाख. तो सावलीत वाळवायचा, मांडीवर वळून त्याचे पेड करायचे आणि तीन पेडांना एकत्र पीळ द्यायचा. दोराचा जीव त्या पिळात. पीळ सैल राहिला तर दोर दिसायला जाड दिसतो, पण ओढ बसली की पेड उघडतात आणि एकेक करून जातात.

महिपत जात्याच संशयी. एसटीत बसला तर कंडक्टरने दिलेलं तिकीट दोन्ही बाजूंनी बघायचा. फोन वाजला तर आधी बायकोला विचारायचा, कोण असेल आणि कशाला केला असेल. नीलेशने गणपतीला घोंगडी आणली तेव्हा चार दिवस त्याच्या मनात एकच घोळत होतं, की या पोराला माझ्याकडून काय हवंय. केवण तोडायला निघाला की रोज वेगळी वाट धरायचा, कुणी मागावर येऊ नये म्हणून. आठ वर्षांपूर्वी ज्योती सून म्हणून घरात आली. तिचं माहेर खाली दासगावकडचं. पहिल्याच पावसाळ्यात ती पडवीत त्याचं दोर वळणं बघत बसली, तर महिपत उठला आणि तिच्याकडे पाठ करून बसला. ही विद्या हिच्या माहेरी जायची, अशी त्याला धास्ती. त्यानंतर तो वळायला बसला की तिच्याकडे पाठ ठरलेली.

आणि आता दोर आखूड झाले होते.

पहिला संशय गेला सुधीरवर. सुधीरचं घर शेजारीच, मधे एक फणस. फणस कुणाचा यावरून दोघांचं बोलणं वर्षानुवर्षं तुटलेलं. त्यातच आषाढात सुधीरची दुभती म्हैस उतारावरून पडून गेली. खुंटी उपटली, असं सुधीरने सगळ्यांना सांगितलं. महिपत तेव्हा देवळापाशी चार माणसांत म्हणाला होता, की ज्याला धड खुंटी ठोकता येत नाही त्याने गुरं तरी कशाला पाळावीत. सुधीरने ते ऐकलं आणि काही न बोलता निघून गेला. सुधीरसारखा तोंडाळ माणूस गप्प राहतो म्हणजे मनात काहीतरी धरून राहिलाय, हे महिपतने त्याच वेळी ओळखलं होतं.

पण वीतभर दोर नेऊन सुधीर करणार काय? यावर महिपतने बराच विचार केला, आणि गुरांमागे फिरताना एके दुपारी त्याला एकदम उजाडलं. वीतभर दोराचा उपयोग एकाच गोष्टीला होतो. करणीला. ज्याच्या हातचा दोर, त्याचा हात बांधायचा.

कारण महिपतचा हात खरोखरच बांधल्यासारखा झाला होता. शिमग्यापासून उजव्या हाताची शेवटची दोन बोटं बधीर होती. आधी मुंग्या यायच्या, मग कळेनासंच झालं. भाकरीचा तुकडा मोडताना बोटं वळायची, पण तुकडा हातात आहे की नाही ते डोळ्यांनी बघावं लागायचं. हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. चहाचा कप तो डाव्या हाताने धरू लागला होता आणि कुणाच्या ते लक्षात आलं नाही अशी त्याची खात्री होती. आता त्याला सगळं उलगडत गेलं. हात गेला, दोर कापले गेले, म्हैस गेल्यावर सुधीर गप्प बसला. एकाला एक जुळत होतं.

घरातूनही कुणीतरी सामील असणार, कारण वाशापर्यंत परक्याचा हात पोचत नाही. आणि घरात काहीतरी शिजत होतं खरं. बायको बायजा आणि ज्योती चुलीपाशी हळू आवाजात बोलत असायच्या, तो दारात आला की बोलणं थांबायचं. बायजाशी संसार करून चाळीस वर्षं होत आली होती. ती त्याच्यासमोर कधी आवाज खाली करून बोलली नव्हती. एकदा ज्योतीने ताटात भाकरी वाढली तेव्हा तिच्या तळव्याकडे त्याचं लक्ष गेलं. बोटांच्या मुळाशी ताजे फोड, एक फुटलेला. कापणी अजून लागली नव्हती, कुदळीचं काम घरात नव्हतं. मग हिने कुठे खणलं? खणून काय पुरलं? भाकरी तशीच ठेवून महिपत उठला. पोट बरं नाही म्हणाला. त्या दिवसापासून तो बायजाच्याच हातचं खाऊ लागला, आणि तेही ती स्वतः पहिला घास घेते की नाही ते बघून.

देवरुषाकडे जावं असं त्याला वाटलं. पण देवरुषी सुधीरच्या नात्यातला निघायचा, म्हणून तो बेत त्याने सोडला. त्याने स्वतःच खूण करायची ठरवली. नवं दावं वळताना दोन्ही टोकांशी, अगदी शेवटच्या बोटभर जागेत, एका पेडाच्या पोटात त्याने लाल सूत घातलं. बाहेरून काही दिसत नव्हतं. वीतभर कापली की त्या टोकाचं लाल सूत जाणार आणि चोरी उघडी पडणार. दावं टांगलं आणि तो गुरांमागे गेला.

चौथ्या दिवशी त्याने दावं काढलं. आखूड होतं. त्याने एक टोक उकललं. लाल सूत जागेवर. दुसरं उकललं. तिथेही सूत जागेवर.

दोर कापला नव्हता आणि आखूड झाला होता. महिपतने ते दावं मांडीवर घेऊन पुन्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपलं. माणसाचं काम असतं तर माणसाला धरता आलं असतं. हे वेगळंच होतं. त्याला पहिल्यांदाच भीती वाटली, आणि भीती वाटल्याचा राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने धुतलेला सदरा घातला आणि पोलादपूरला जाऊन येतो, संध्याकाळ होईल, असं बायजाला सांगितलं. एवढ्या लांबचं काम काय, असं बायजाने विचारलं नाही. ते त्याला खटकलं. एरवी तिने दहा प्रश्न विचारले असते. तो वळणापर्यंत खाली उतरला, करवंदीच्या जाळीआड घटकाभर बसला आणि ओहोळाच्या पात्रातून वाकत वाकत घराच्या मागे आला.

गोठ्याच्या पाठीमागे बोलणं ऐकू येत होतं. त्याने कुडाच्या फटीला डोळा लावला.

तिथे तिघं होती. बायजा जमिनीवर पाय लांब करून बसली होती, दोराचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून. दुसऱ्या टोकाला सुधीर लाकडी फिरकी फिरवत होता. हाच सुधीर, जो इतक्या वर्षांत त्याच्या अंगणात पाऊल ठेवायला धजला नव्हता. आणि मधे ज्योती. ओल्या हातांनी ती एकेक पेड सुटा करून त्यात नवा पीळ भरत होती. दात आवळलेले, कपाळावर घाम. पीळ भरत जाईल तसा दोर कडक होत होता, आणि आकसत होता.

महिपतला दोर कळत होता. पिळाने दोर आकसतो हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. पण डोळ्यांना दिसलेलं मनात उतरायला त्याला वेळ लागला, कारण मनात जागाच नव्हती. तिथे करणी बसली होती.

"हा डोलीचा हाय," बायजा म्हणत होती. "टोकाच्या घरच्या ललिताचे दिवस भरलेत. ह्याला अजून एक डाव पीळ दे गो."

वाडीतलं माणूस आजारी पडलं की बांबूला झोळी बांधून त्या डोलीतून खाली कापड्यापर्यंत खांद्यावर न्यावं लागतं. त्या झोळीचा दोर महिपतच्या घरचा, बापाच्या वेळेपासून. तो दोर तिसऱ्या कुणाच्या हातात बघून मात्र त्याला राहवलं नाही. तो कुडाला वळसा घालून समोर येऊन उभा राहिला.

फिरकी थांबली. कुणी दचकून ओरडलं नाही. ज्योतीने पेड सुटू नयेत म्हणून ते मुठीत आवळून धरले आणि मान खाली घातली.

महिपतने विचारलं ते सुधीरला. माझ्या दारात काय करतोस, म्हणाला.

सुधीरने फिरकी खाली ठेवली. "म्हैस खुंटी उपटून नाय गेली, महिपत," तो म्हणाला. "दोर तुटला. तुझा दोर. चैतात तू दिलेला."

"माझा दोर तुटत नाय."

"तुटलेलं टोक मी बायजावैनीला आनून दिलंय. बघायचं तर बघ."

महिपतने बायजाकडे पाहिलं. तिने मान हलवली. मग त्याने, आवाज चढवून, सुधीरला विचारलं की तेव्हाच तोंड का उघडलं नाहीस. सगळ्या वाडीला सांगायची संधी होती.

"सांगितलं असतं तर डोलीला तुझा दोर कुनी बांदला असता?" सुधीर म्हणाला. "आनि तुझ्याबिगर वळनारं हाय कोन हितं? माझी म्हैस गेली ती गेली. उद्या त्या दोरावर माझीच आई जायची."

हे बोलताना त्याच्या आवाजात मोठेपणा नव्हता, रागच होता. देवळापाशी ऐकून घेतलेलं तो विसरलेला नव्हता.

बायजाने बाकीचं सांगितलं. टोक बघून ती आणि ज्योती घरातले सगळे दोर ओढून बघत गेल्या. शिमग्यानंतर वळलेला एकही दोर घट्ट नव्हता. उजव्या हाताचा पीळ भरतच नव्हता. सांगितलं असतं तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं, म्हणून तो रानात गेला की दोर खाली काढायचे, भिजवायचे, पुन्हा पिळायचे आणि त्याच्यासारखीच गाठ मारून टांगून ठेवायचे. लांब दोराला दोघी पुरत नाहीत म्हणून सुधीरला बोलावलं.

"चा तुमी डाव्या हातानं पिता," ती म्हणाली. "मी काय आंधळी हाय?"

"आनि हिला कुनी शिकवलं?" महिपतने विचारलं. ज्योतीकडे बोट न दाखवता.

ज्योती पहिल्यांदाच बोलली. "तुमीच, आबा. पाठमोरे बसायचात, पन हात दिसायचे."

मग सगळी वाडीच चोर म्हणायची, एवढं महिपत म्हणाला, आणि वाशावरचं आपण कालच वळलेलं, अजून कुणाचा हात न लागलेलं दावं हिसकून घेऊन रानाकडे चालू लागला. त्याला अजूनही खरं वाटत नव्हतं. तिघं मिळून आपल्याला आपल्याच धंद्यातून उठवायला बघताहेत, कदाचित नीलेशसुद्धा यात असेल, असंच तो वाटभर म्हणत होता. टेकाडावरच्या ऐनाला त्याने दाव्याचं एक टोक बांधलं, दुसरं कमरेला घेतलं, आणि उताराकडे तोंड करून सगळं अंग झोकून ओढ दिली.

दोर लांबला. रबरासारखा लांबला. मग पेड एकमेकांपासून सुटले, मधे फट पडली, एक पेड गेला, आणि महिपत गुडघ्यांवर आपटला.

तो लगेच उठला नाही. तुटलेला वाख हातात घेऊन बघत राहिला. वाख चांगला होता, पांढरा, चिवट, एकही धागा कुजलेला नव्हता. चूक कुठे होती ते दोरावर लिहिल्यासारखं दिसत होतं. त्याने उजव्या हाताची ती दोन बोटं डाव्या हाताच्या मुठीत धरली आणि दाबली, आणखी दाबली. त्याला काही कळलं नाही. सुधीरच्या म्हशीचं नाव चांदी होतं. गावात तिच्याइतकं दूध दुसरीला नव्हतं. देवळापाशी आपण काय बोललो ते त्याला शब्दन्‌शब्द आठवलं आणि ऐनाला बांधलेलं टोक सोडून तो माती लागलेल्या धुतल्या सदऱ्यात घराकडे निघाला.

घरी ज्योतीने ताट वाढलं, ते तो जेवला.

आठवडा गेला नाही तोच ललिताला कळा सुरू झाल्या. सकाळची वेळ, पाऊस भुरभुरत होता. बांबू आणला, झोळी बांधायला घेतली. ती नेहमी महिपत बांधायचा. त्याने ज्योतीने पिळलेला दोर हातात घेतला, डाव्या हाताने इंचाइंचाने चाचपला. सगळे खोळंबले. उशीर होतोय, असं कुणीतरी म्हणालं. त्याने ऐकलं नाही. एका जागी तो थांबला, दोर डोळ्यांजवळ नेला, ज्योतीकडे पाहिलं. ती हलली नाही. मग त्याने गाठी मारायला सुरुवात केली. उजवी बोटं मधेच साथ सोडत होती, तेव्हा ज्योतीने पुढे होऊन दोर धरला आणि त्याने धरू दिला.

चौघांनी खांदा दिला. पुढे सुधीर होता. महिपत झोळीच्या बाजूने दोरावर नजर लावून उतरत होता. त्याला दोराचा भरवसा नव्हता. सुनेचा नव्हता, बांबूचा नव्हता, स्वतःच्या गाठीचा तर मुळीच नव्हता. मधल्या निसरड्यावर सुधीरचा पाय सरकला. बांबू एका अंगाला झुकला, ललिता किंचाळली, सगळा भार हिसक्यासरशी पुढच्या दोरावर आला. महिपतने झोळीखाली दोन्ही हात घातले. पण भार हातांवर आलाच नाही. दोर कुरकुरला आणि तसाच राहिला. सुधीर सावरून उभा राहिला, मागे वळून त्याने एकदा दोराकडे आणि एकदा महिपतकडे पाहिलं, आणि मंडळी पुन्हा उतरू लागली.

खाली रुग्णवाहिका उभी होती. पोलादपूरच्या दवाखान्यात दुपारी ललिताला मुलगी झाली. हे कळलं तेव्हा महिपत आणि सुधीर कापड्याच्या थांब्यावर चहा पीत होते, एका बाकावर, पण मधे जागा सोडून.

"चांदीबद्दल मी बोललो ते चुकलं," महिपत चहाकडे बघत म्हणाला.

"चुकलंच," सुधीर म्हणाला. फणसाचं भांडण अजून तसंच आहे.

दिवाळीला नीलेश आला आणि बापाला महाडच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरने हात सोडून मानच तपासली, तेव्हा महिपतला शंका आली की ह्याला हात कुठला आणि मान कुठली तेही कळत नाही. मानेतली शीर दाबली गेलीय, असं डॉक्टरने समजावलं. गोळ्या दिल्या, मानेचे व्यायाम दाखवले. गोळ्यांचं पाकीट नीलेशने दोनदा वाचून दाखवल्यावर महिपतने त्या सुरू केल्या. बोटांत थोडी जाग आली, सगळी नाही आली. आता येईल असं तो स्वतःही म्हणत नाही.

दोर ज्योती वळते. पडवीत, उजेडात, कुणाकडे पाठ न करता. महिपत काठ्या निवडतो, सालं काढतो, ओहोळात दाबतो, आणि वळून झालेला प्रत्येक दोर ऐनाला बांधून ओढून बघतो. दहांतला एखादा तरी नापास करतोच. ज्योती कधी तो निमूट उकलते, कधी हा दोर बरा आहे म्हणून वाद घालते, आणि एकदा तिने स्वतः ओढून दाखवला तेव्हा त्याला मानावं लागलं.

यंदा पाऊस सुरू झाल्यावर तो तिला केवणीला घेऊन गेला. निघताना मागे कुणी नाही ना ते त्याने दोनदा बघितलं. झाडीत शिरल्यावर तिने एका काठीला कोयता लावला, तर त्याने तिचा हात थांबवला. ती का नको, असं तिने विचारलं. तो सांगायला लागला. काठीचा रंग, गाठींमधलं अंतर, कुठल्या उन्हात वाढलेली कशी निघते, बाप कसा नखाने साल खरवडून बघायचा. तिने आणखी विचारलं, त्याने आणखी सांगितलं. दोघं खाली बसली. बोलता बोलता किती वेळ गेला ते कळलं नाही. गुरं तोवर सुधीरच्या वरीत शिरली होती, आणि सुधीर बांधावरून मोठ्याने शिव्या देत होता.